पहिलीचे नाव यादीत नव्हते

माझी तीन लग्ने झाली. पहिले 14 वर्षे टिकले, दुसरे 6 आणि तिसरे जेमतेम 3. हे आकडे उतरत्या क्रमाने का गेले, याचा शांतपणे विचार करायला मला वयाची 66 वर्षे लागली. पहिल्या लग्नाची लेक नऊ वर्षांपासून लंडनमध्ये राहते आणि गेल्या ऑक्टोबरात मी प्रथमच तिच्याकडे गेलो. काय काय पाहायचे, असे तिने फोनवर विचारले तेव्हा मी इंग्लंडच्या राजाचे, आठव्या हेन्रीचे नाव घेतले. इतिहासाची आवड हे कारण मी तिला सांगितले, आणि ते अगदीच खोटे नव्हते. पण सहा लग्ने करणाऱ्याच्या शेजारी उभे राहिले की तीन करणारा बरा दिसतो, हा हिशेबही मनाच्या तळाशी होताच.

मी पाच दिवसांची यादी करून पाठवली. पोहोचलो त्या रात्री तिने ती समोर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, यात पहिली कुठे आहे?" कॅथरीन ऑफ ॲरागॉन ही हेन्रीची पहिली राणी पीटरबरोला पुरलेली आहे आणि ते गाव लांब पडते, असे मी म्हणालो. "गाडीने तासाभराच्या आत पोहोचतो," एवढेच ती म्हणाली आणि रविवारच्या मोकळ्या जागेत तिने पेनने 'पीटरबरो' लिहिले. ही मुलगी लहानपणी मला 'ए बाबा' म्हणत असे. मी घर सोडल्यानंतर काही महिन्यांनी भेटली तेव्हा 'तुम्ही कसे आहात' असे तिने विचारले, आणि ते 'तुम्ही' आजतागायत तसेच आहे.

पहिला दिवस, बुधवार : हॅम्प्टन कोर्ट

वॉटर्लू स्थानकावरून सुटणारी गाडी थेम्सच्या काठी, राजवाड्यासमोरच्या पुलाजवळ आणून सोडते. हा वाडा मुळात कार्डिनल वूल्सी या मंत्र्याने स्वतःसाठी बांधायला घेतला होता. राजाची मर्जी फिरू लागली तसा तो राजाच्या पदरात पडला. मधला भव्य दिवाणखाना, म्हणजे ग्रेट हॉल, हेन्रीने 1532 ते 1535 या काळात उभारला. ती ॲन बोलिनची, म्हणजे त्याच्या दुसऱ्या राणीची, वर्षे होती. 1533च्या जानेवारीत त्याने तिच्याशी गुपचूप लग्न केले, जूनमध्ये तिला राणीचा मुकुट घातला आणि 1536च्या मे महिन्यात तिचे डोके उडवले. त्यानंतर अकराव्या दिवशी जेन सीमोरशी त्याचे लग्न झाले.

नव्या राणीच्या डोळ्यांसमोर जुनीच्या खुणा नकोत, म्हणून राजवाड्यांतून ॲनची चिन्हे उतरवण्याचा सपाटा लागला. ग्रेट हॉलच्या टोकाला असलेल्या लाकडी आडपडद्यावर मात्र एक खूण राहून गेली आहे. एचमध्ये गुंफलेला ए, म्हणजे हेन्री आणि ॲन. माहिती नसेल तर नजर तिथे ठरणार नाही इतके ते कोरीवकाम लहान आहे. पण एकदा दिसले की त्या प्रचंड दालनात, छताच्या अवाढव्य तुळयांखाली, दुसरे काही दिसेनासे होते. एखाद्या सुताराच्या लक्षातून सुटले असेल किंवा शिडी हलवायचा कंटाळा आला असेल.

मला माझी कात्री आठवली. दुसऱ्या लग्नाच्या तयारीत मी जुना अल्बम काढून बसलो होतो. लेक चार वर्षांची असतानाचा तिचा आणि माझा एक चांगला फोटो होता, त्यातून मी पहिलीला कापून काढले. कापताना घाई झाली असावी, कारण लेकीच्या खांद्यावर चार बोटे राहिली. तो फोटो नव्या घरात कित्येक वर्षे भिंतीवर होता. दुसऱ्या बायकोने त्याबद्दल कधी विचारले नाही. लेक पंधरा वर्षांची असताना सुटीत आली, फोटोसमोर उभी राहिली आणि आपल्या खांद्यावर हात ठेवून आतल्या खोलीत निघून गेली.

याच वाड्यात राजाच्या कुटुंबाचे सुमारे 1545 साली काढलेले एक मोठे चित्र आहे. मध्यभागी सिंहासनावर हेन्री, एका बाजूला युवराज एडवर्ड, दुसऱ्या बाजूला त्याची आई जेन सीमोर, आणि खांबांपलीकडे, दोन टोकांना, मेरी आणि एलिझाबेथ या दोन मुली. यात खटकणारी गोष्ट अशी की जेन 1537 सालीच, एडवर्डच्या जन्मानंतर बाराव्या दिवशी, याच वाड्यात वारली होती. चित्र काढले गेले तेव्हा राणी होती सहावी, कॅथरीन पार, आणि ती जिवंत होती, राजाच्या दुखऱ्या पायाची काळजी घेत होती. जेनशी त्याचा संसार सतरा महिनेही झाला नव्हता. मुलगा झाला म्हणून ती लाडकी, असे सगळेच सांगतात आणि ते खरेही आहे. पण तिला त्याच्याशी भांडायला वेळच मिळाला नाही, हेही त्या लाडकेपणाचे एक कारण असावे, असा मला संशय आहे. आठवणीतली बायको उलट उत्तर देत नाही. तिसऱ्या लग्नात मी दुसरीचे गुण गायचो आणि दुसऱ्या लग्नाच्या शेवटच्या वर्षात, चक्क, पहिलीचे.

दुसरा दिवस, गुरुवार : हीवर

लेक कामावर गेली आणि मी एकटाच लंडन ब्रिजहून गाडीत बसलो. हीवरचे स्थानक इतके लहान आहे की आपण चुकून तर उतरलो नाही ना, असे वाटते. तिथून शेतांच्या कडेने सुमारे दीड किलोमीटर चालत गेले की खंदकाच्या पाण्यात उभा असलेला एक आटोपशीर गढीवजा किल्ला दिसतो. ॲन बोलिनचे बालपण इथे गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम वॉल्डॉर्फ ॲस्टर या धनाढ्याने तो विकत घेऊन नव्याने सजवला, त्यामुळे आत काय जुने आणि काय त्याच्या हौसेचे, हे सतत तपासत फिरावे लागते.

ॲन दरबारातून इथे निघून आली की राजा तिला पत्रे लिही. त्यांतली 17 पत्रे उरली आहेत आणि गंमत म्हणजे ती व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहेत; ज्या पोपशी या प्रेमापायी त्याने कायमचे वैर घेतले, त्याच्याच घरी. पत्रांवर तारखा नाहीत. काही फ्रेंचमध्ये आहेत, काही इंग्रजीत. एका पत्रात तो म्हणतो की तू माझी झालीस, तर बाकी सगळ्यांना मी मनातून काढून टाकीन आणि फक्त तुझीच सेवा करीन. दुसऱ्या एका पत्राच्या शेवटी त्याने स्वतःच्या हाताने बदाम काढून त्यात तिची आद्याक्षरे घातली आहेत, आणि दोन्ही बाजूंना फ्रेंचमध्ये लिहिले आहे की हेन्री दुसऱ्या कुणाला शोधत नाही. तेव्हा तो पस्तिशी ओलांडलेला राजा होता, घरी राणी होती आणि वयात येऊ लागलेली मुलगी होती.

हे वाचताना हसू यायला हवे होते, पण आले नाही. "बाकी सगळ्यांना मनातून काढून टाकीन" हे वाक्य मी तीन स्त्रियांना लिहिले आहे, शब्द थोडेफार इकडचे तिकडे करून. आणि लिहिताना, प्रत्येक वेळी, ते मला शंभर टक्के खरे वाटत होते. लबाड माणसापेक्षा हा प्रकार अधिक घातक असावा. लबाडाला निदान आपण काय करतो आहोत ते माहीत असते.

किल्ल्यात ॲनची दोन प्रार्थनापुस्तके काचेत ठेवली आहेत. एकात तिने फ्रेंचमध्ये लिहिले आहे, "वेळ येईल," आणि खाली सही केली आहे. दुसऱ्यात इंग्रजी ओळी आहेत, ज्यांचा भावार्थ असा की प्रार्थना कराल तेव्हा माझी आठवण ठेवा, आशाच माणसाला एका दिवसातून दुसऱ्या दिवसात नेते. अक्षर बारीक आणि ठाम आहे. राजाच्या त्या मोठमोठ्या पत्रांपेक्षा या दोन नोंदींपुढे मी अधिक वेळ उभा राहिलो. परतीची गाडी चुकली.

तिसरा दिवस, शुक्रवार : टॉवर आणि वेस्टमिन्स्टर

टॉवर ऑफ लंडनमध्ये गर्दी फार आणि तिचा ओढा मुख्यतः जडजवाहिराकडे. लाल-निळ्या गणवेशातला रक्षक सहा राण्यांची शाळकरी यमकातली ओळ म्हणून दाखवतो, जिचा मराठीत अर्थ होतो घटस्फोट, शिरच्छेद, मृत्यू. घटस्फोट, शिरच्छेद, वाचली. लोक हसतात. ज्या हिरवळीवर वधस्तंभ होता असे मानतात, तिथे 2006 साली ब्रायन कॅटलिंग या शिल्पकाराने एक स्मारक केले आहे. वर्तुळाकार काच आणि तिच्यावर काचेचीच उशी. प्रत्यक्ष जागा थोडी पलीकडे असावी, असे अभ्यासक म्हणतात. उशी मात्र योग्य ठिकाणी आहे असे वाटते.

यमकातला 'घटस्फोट' हा शब्द चुकीचा आहे, आणि माझ्यासारख्या कौटुंबिक न्यायालयाच्या पायऱ्या दोनदा झिजवलेल्या माणसाला तो फरक विशेष जाणवतो. हेन्रीने आजच्या अर्थाने एकही घटस्फोट घेतला नाही. त्याने विवाह रद्दबातल ठरवून घेतले, म्हणजे लग्न मोडले असे न म्हणता ते झालेच नव्हते असे म्हटले. कॅथरीन ऑफ ॲरागॉन आधी त्याच्या थोरल्या भावाची पत्नी होती, म्हणून आर्चबिशपने ते लग्न 24 वर्षांनंतर मुळातच अवैध ठरवले. ॲन बोलिनचे लग्न तर शिरच्छेदाच्या दोन दिवस आधी, 17 मे 1536 रोजी, रद्द करण्यात आले. मग जी कधी पत्नीच नव्हती तिला व्यभिचारासाठी मारता कसे, हा प्रश्न त्या धामधुमीत कोणाला अडला नाही. तिच्यासाठी शवपेटीची तजवीजही झाली नव्हती. बाण ठेवायच्या पेटीत घालून तिला तिथल्याच सेंट पीटरच्या चॅपेलमध्ये पुरले.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत अधिक प्रामाणिक म्हणायला हवा. 1955च्या हिंदू विवाह कायद्यात विवाह रद्दबातल होण्याची कलमे वेगळी आणि घटस्फोटाची वेगळी. 1976 मध्ये त्यात कलम 13 ब आले, आणि परस्पर संमतीने वेगळे होता येऊ लागले. त्या हुकुमात न्यायालय असे म्हणते की हा विवाह होता आणि तो आता संपला आहे. मी मात्र त्या हुकुमाच्याही पुढे गेलो. दुसरीला भेटल्यापासून मी तिला सांगत आलो की पहिलीशी माझे मन कधी जुळलेच नव्हते, ते लग्न नावापुरतेच होते. 14 वर्षे, एक मुलगी, दोन भाड्याची घरे आणि माझ्या टायफॉइडमधले तिचे एकवीस दिवसांचे जागरण, हे सगळे मी एका वाक्यात रद्दबातल केले. त्यासाठी मला कोणा आर्चबिशपची गरज पडली नाही.

त्याच चॅपेलमध्ये पाचवी राणी कॅथरीन हॉवर्डही आहे. लग्नाच्या वेळी राजा 49 वर्षांचा होता आणि ती जेमतेम विशीत, कदाचित त्याहूनही लहान. 13 फेब्रुवारी 1542 रोजी तिला मारले. आदल्या रात्री तिने वधाचा ओंडका खोलीत मागवून घेतला होता, मान कशी ठेवायची याचा सराव करायला. माझी तिसरी बायको माझ्याहून 17 वर्षांनी लहान होती. मी तिच्यावर संशय घेत असे आणि त्या संशयाला मी प्रेम म्हणत असे. एके सकाळी ती बॅग भरून निघून गेली, आणि तिला ते करता आले याबद्दल मी आज काळाचे आभार मानतो.

दुपारी घाईघाईने वेस्टमिन्स्टर ॲबे गाठले. चौथी राणी ॲन ऑफ क्लीव्ह्ज इथे आहे, मुख्य वेदीच्या दक्षिणेला, जवळजवळ कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या जागी. सहांपैकी ॲबेत पुरलेली ही एकटीच. सहा महिन्यांत राजाने लग्न रद्द करायचे म्हटले, तिने वाद घातला नाही, 'राजाची बहीण' ही पदवी आणि भरपूर मालमत्ता घेतली, ज्यात हीवरही होते, आणि ती हेन्रीच्याच नव्हे तर त्याच्या इतर पाचही राण्यांच्या नंतर, 1557 साली वारली. माझी दुसरी बायको अशीच व्यवहारी निघाली. माझ्या वाढदिवसाला तिचा संदेश न चुकता येतो, कधीकधी लेकीच्या आधी.

चौथा दिवस, शनिवार : विंडसर

हा दिवस मी सहलीचा कळस म्हणून ठेवला होता. किल्ल्यातल्या सेंट जॉर्ज चॅपेलमध्ये गायकवृंदाच्या दोन रांगांमधल्या जमिनीत एक काळी संगमरवरी फरशी आहे आणि तिच्याखाली हेन्री. स्वतःसाठी त्याने अजस्र समाधी योजली होती. तिचे बरेचसे साहित्य वूल्सीच्या समाधीतून उचललेले होते. ती कधीच पुरी झाली नाही. काळ्या दगडाची पेटी पुढे अडीचशेहून अधिक वर्षांनी सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये नौसेनापती नेल्सनच्या वाट्याला गेली. हेन्रीच्या जागेवर साधी फरशीसुद्धा नव्हती. ती 1837 साली चौथ्या विल्यमच्या आज्ञेने बसवली गेली. तिच्यावर पहिले नाव जेन सीमोरचे आहे, मग हेन्रीचे, मग पुढच्या शतकातल्या पहिल्या चार्ल्स राजाचे आणि शेवटी त्याच्याही नंतरच्या ॲन नावाच्या राणीच्या एका तान्ह्या बाळाचा उल्लेख.

मला वाटले होते की इथे काहीतरी सुचेल. काहीच सुचले नाही. माणसे फरशी ओलांडून पुढे जात होती, कारण पुढच्या भागात दुसऱ्या एलिझाबेथची अलीकडची कबर आहे आणि बहुतेकांना तिथे पोहोचायचे होते. लेक सोबत होती. तिने फरशीवरची अक्षरे वाचली आणि विचारले, "याला शेवटी कुणाची आठवण आली असेल?" जेनचीच, तिच्याशेजारी पुरावे अशी त्याचीच इच्छा होती, असे मी म्हणालो. "ती इच्छा झाली. मी आठवणीचं विचारतेय," ती म्हणाली आणि छताकडे पाहू लागली. मी गप्प राहिलो. ते छत फार सुंदर आहे.

पाचवा दिवस, रविवार : पीटरबरो

सकाळी किंग्ज क्रॉसला जाताना लेकीने वाटेत एक डाळिंब घेतले आणि पिशवीत टाकले. मी विचारले नाही. गाडीत तिने मला विचारले, "आई कोर्टात काय म्हणाली होती, ते तुम्हाला आठवतं?" मला आठवत होते. वकिलाने तयार केलेल्या अर्जात 'उभयतांचे स्वभाव जुळत नसल्याने' असे नेहमीचे वाक्य होते. सही करण्याआधी तिने तो अर्ज पूर्ण वाचला आणि न्यायालयाच्या कॉरिडॉरमध्ये, सगळ्यांदेखत, सरळ आवाजात विचारले, "स्वभाव जुळत नाहीत असं कोणी लिहिलं?" वकील म्हणाले की ते लिहावेच लागते. तिने सही केली, पेनला टोपण लावले आणि ते परत दिले.

कॅथरीन ऑफ ॲरागॉनने सही केली नव्हती. 21 जून 1529 रोजी लंडनच्या ब्लॅकफ्रायर्समध्ये धर्मन्यायालय बसले, तेव्हा ती उठून सगळ्या सभेतून थेट नवऱ्यापाशी गेली, त्याच्या पायाशी गुडघे टेकले आणि म्हणाली की वीस वर्षे मी तुमची खरी पत्नी आहे, आणि आपल्याला अनेक मुले झाली, ती देवाने नेली. त्यांतला एक मुलगा 1511च्या पहिल्या दिवशी जन्मला आणि 52 दिवस जगला होता. बोलून झाल्यावर ती बाहेर पडली. मागून पुकारा होत राहिला, पण ती वळली नाही. पुढे कायदा करून तिला राणी म्हणायची बंदी झाली. तिने युवराजाची, म्हणजे हेन्रीच्या दिवंगत भावाची, विधवा म्हणवून घ्यावे असे ठरले. ते तिने अखेरपर्यंत मानले नाही. 7 जानेवारी 1536 रोजी किंबोल्टनच्या किल्ल्यात ती वारली आणि राजाने तिला विधवा राजकुमारी म्हणूनच पीटरबरोच्या मठात पुरले. मुलगी मेरी हिला अंत्यविधीला येऊ दिले नाही.

तो मठ पुढे 1541 साली कॅथीड्रल झाला. आत शिरताच दारावरच्या भिंतीवर एका दणकट म्हाताऱ्याचे चित्र आहे, कबर खोदणाऱ्या रॉबर्ट स्कारलेटचे. कॅथरीन आणि पन्नास वर्षांनी स्कॉटलंडची राणी मेरी, अशा दोन राण्यांच्या कबरी त्याने खोदल्या असे सांगतात. तो 98 वर्षे जगला. दुसरी राणी 1612 मध्ये तिच्या मुलाने लंडनला हलवली. कॅथरीनला न्यायला कोणी आले नाही.

तिची जागा वेदीच्या डाव्या हाताला आहे. मूळ कबर 1643 साली पार्लमेंटच्या सैनिकांनी फोडली. आजचा दगड 19व्या शतकाच्या अखेरीस, इंग्लंडमधल्या कॅथरीन नावाच्या स्त्रियांनी वर्गणी काढून, बसवला. त्याच्या वर सोनेरी, मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, 'कॅथरीन, इंग्लंडची राणी'. राजाने रद्द केलेले पद साडेतीन शतकांनी तिच्या नामबहिणींनी लिहून टाकले. डाळिंब हे तिचे राजचिन्ह होते, म्हणून लोक तिथे डाळिंबे ठेवतात. आम्ही गेलो तेव्हा दोन होती. एक ताजे, एक सुकून कवटीसारखे कडक झालेले.

लेकीने तिचे डाळिंब काढले, ओढणीच्या टोकाने पुसले आणि त्या दोन डाळिंबांच्या मध्ये ठेवले. मग फोन काढून फोटो घेतला आणि कोणाला तरी पाठवला. कोणाला, ते मला कळले होते. मी थोडा बाजूला सरकलो. फोटोत मी येऊ नये असे मला वाटले की यावे, हे मला आजही सांगता येत नाही.

आम्ही बाहेरच्या हिरवळीवर आलो तोवर फोन वाजला. लेकीने वाचले आणि पडदा माझ्यासमोर धरला. तिच्या आईने एवढेच विचारले होते, "मधलं डाळिंब कोणी ठेवलं?"

"काय लिहू?" लेकीने विचारले. तिच्या स्वरात औपचारिकपणा नव्हता, आणि सलगीही नव्हती. मी ठेवले असे लिही, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. "तू ठेवलंस," मी म्हणालो. "तसंच लिही."